ॲसिडची नोंदवही कुठे आहे?

आमगावच्या बाजारात ॲसिडची बाटली मिळवायला काय लागतं? दोन वेळच्या चहाइतके पैसे, आणि दुकानदाराला ऐकू जाईल एवढा आवाज. बाटली बहुधा दारूची नाहीतर पाण्याची जुनी असते. बुचाभोवती प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून रबर लावलेलं असतं. वर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही, किती तीव्र आहे ते नाही, कोणी बनवलं ते तर नाहीच. ‘संडासचं ॲसिड द्या’ म्हटलं की दुकानातला पोरगा खालच्या फळीवरून काढून देतो. कधी कधी तो पोरगाच अजून अठराचा झालेला नसतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटातल्या काही बाया आणि मी मुद्दाम दुकानं फिरलो. बाटली मागायची आणि ती हातात आली की विचारायचं, ‘भाऊ, रजिस्टर कुठं आहे? आमचं नाव लिहून घ्या ना.’ एक दुकानदार हसला. ‘ताई, रोजचं गिऱ्हाईक आहे. संडास धुवाच्या ॲसिडले रजिस्टर कोण लिहिते जी?’ दुसऱ्यानं मात्र खरोखरच विचारलं, ‘असा कायदा आहे का? कधी आला?’ तो खोटं बोलत नव्हता. त्याला कोणीही, कधीही सांगितलेलं नव्हतं. आम्ही गेलो त्यातल्या एकाही दुकानात नोंदवही निघाली नाही.

मैत्रिणींनो, ही नोंदवही काही आमच्या गटाच्या डोक्यातून निघालेली नाही. लक्ष्मी अगरवाल या मुलीवर २००५ साली दिल्लीत भर बाजारात ॲसिड फेकलं गेलं, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी ती सुप्रीम कोर्टात गेली. तिच्या याचिकेवर १८ जुलै २०१३ रोजी कोर्टानं देशभरासाठी आदेश दिले. ते इथं साध्या भाषेत सांगते, कारण ते आपल्याला तोंडपाठ पाहिजेत. विकत घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि किती माल दिला हे नोंदवहीत लिहिल्याशिवाय ॲसिडची किरकोळ विक्री करता येणार नाही. गिऱ्हाइकानं सरकारी फोटो ओळखपत्र दाखवलं पाहिजे आणि कशासाठी पाहिजे ते सांगितलं पाहिजे. अठरा वर्षांखालच्या कोणालाही विकायचं नाही. दुकानात किती साठा आहे ते पंधरा दिवसांत उपविभागीय दंडाधिकाऱ्याला, म्हणजे आपण ज्यांना एसडीओ साहेब म्हणतो त्यांना, कळवायचं. न कळवलेला साठा जप्त होईल आणि नियम मोडणाऱ्याला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होईल. शाळा, कॉलेज, प्रयोगशाळा, दवाखाने, सरकारी खाती, जिथं जिथं ॲसिड ठेवलं जातं तिथं ते किती वापरलं याची नोंद ठेवायची, एका माणसाला जबाबदार धरायचं आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करायची.

मागणं एवढंच आहे. एक वही, एक पेन आणि एक विचारणा. त्याला ना कारखाना उभारावा लागत, ना बजेट मंजूर करून घ्यावं लागत. तरीही दहा वर्षं उलटून गेली आणि वही आली नाही. मग प्रश्न असा पडतो की जी गोष्ट इतकी सोपी आहे ती का होत नाही? माझं उत्तर असं आहे की ॲसिडचा प्रश्न हा ‘एखाद्या माथेफिरूचा’ प्रश्न आहे असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं आहे. माथेफिरूला फाशी द्यायची, मुलीसाठी मेणबत्त्या लावायच्या, आणि बाटली जिथं होती तिथंच खालच्या फळीवर राहू द्यायची.

महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण आठवा. २ मे २०१३ च्या सकाळी प्रीती राठी ही दिल्लीची मुलगी वांद्रे टर्मिनसला गाडीतून उतरली. कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात लष्करी परिचारिका म्हणून ती रुजू होणार होती. फलाटावरच एका माणसानं तिच्या तोंडावर सल्फ्युरिक ॲसिड फेकलं. महिनाभर झुंजून १ जूनला ती गेली. कोर्टाचा नोंदवहीचा आदेश आला तो त्यानंतर सात आठवड्यांनी.

आता एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. त्या फलाटावर तिच्याबरोबर तिचे वडील होते, नातेवाईक होते. दिवसाउजेडी, माणसांनी भरलेल्या स्टेशनवर हे घडलं. म्हणजे ‘पोरीनं एकटं फिरू नये’, ‘अंधार पडल्यावर बाहेर जाऊ नये’, ‘तोंडाला ओढणी बांधावी’ हे जे सल्ले आपल्या शाळा-कॉलेजांतून मुलींना दिले जातात, त्यातला एकही तिच्या उपयोगाचा नव्हता. तिनं काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. नोकरी मिळवली होती, एवढंच. आरोपी तिच्याच वस्तीतला शेजारी निघाला. तिनं लग्नाला दिलेला नकार आणि तिला मिळालेली नोकरी, दोन्ही त्याला सलत होतं असं सरकारी पक्षानं कोर्टात मांडलं. आणि वर्तमानपत्रांनी काय छापलं? ‘एकतर्फी प्रेमातून’. या दोन शब्दांची मला मनस्वी चीड आहे. शेजाऱ्याची गाय आपल्या दावणीला आली नाही म्हणून तिच्या डोळ्यात कोणी जाळ ओतला, तर त्याला आपण गायीवरचं प्रेम म्हणू का? बाई आपली मालमत्ता आहे आणि मालमत्ता हाती लागत नसेल तर ती दुसऱ्या कोणाच्या, खुद्द तिच्यासुद्धा, कामाची राहू नये, हा हिशेब आहे. ‘प्रेम’ हा शब्द छापणारा उपसंपादक त्या हिशेबावर सही करतो.

२०१६ साली मुंबईच्या विशेष महिला न्यायालयानं आरोपीला फाशी सुनावली. २०१९ साली उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली. तेव्हा बऱ्याच मैत्रिणी हळहळल्या. मला विचाराल तर त्या फाशीत मला रस नव्हता आणि नाही. ज्या दिवशी फाशी सुनावली त्या दिवशीही दुकानातली बाटली तिथंच होती, त्याच भावात. फाशीची मागणी सरकारला फार सोयीची पडते, कारण तिच्यात सरकारला काहीच करावं लागत नाही. जे करायचं ते कोर्ट करतं, तेही पाच-सहा वर्षांनी. फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला, सकाळी कॉलेजात निघालेल्या एका प्राध्यापिकेला रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं आणि आठवडाभरात ती गेली. मोर्चे निघाले, घोषणा झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळानं जबर शिक्षांचं शक्ती विधेयक मंजूर केलं. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. आणि त्या सगळ्या गदारोळात, आहे तोच नोंदवहीचा आदेश राबवा असं म्हणणारा आवाज मला तरी कुठं ऐकू आला नाही. त्याच वर्षी, २०२० च्या दिवाळीत, बीड जिल्ह्यात एका तरुण मुलीवर तिच्या जोडीदारानं ॲसिड आणि पेट्रोल दोन्ही ओतलं. कित्येक तास ती रस्त्याच्या कडेला जळलेल्या अंगानं पडून होती. तीही गेली. नोंदवहीच्या आदेशाला तेव्हा सात वर्षं झाली होती.

यावर एक युक्तिवाद हमखास येतो, आणि तो आपल्या बैठकांतही येतो: ॲसिड बंद केलं तर पेट्रोल आहेच की. १९९० साली उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात घुसून रिंकू पाटीलला जाळलं ते पेट्रोलनंच. बरोबर आहे. पण हा युक्तिवाद म्हणजे खिडकीतूनही चोर येतो म्हणून दाराला कडी लावू नका असं सांगण्यासारखा आहे. बांगलादेशात २००२ साली वर्षाला पाचशेच्या आसपास ॲसिड हल्ले होत होते. त्याच वर्षी त्यांनी दोन कायदे केले, एक शिक्षेचा आणि दुसरा विक्री, साठा, वाहतूक यांच्या परवान्याचा. बायकांच्या संघटना आणि ॲसिडपीडितांची संस्था त्यामागे हात धुऊन लागली. दहा वर्षांत आकडा शंभराच्या आत आला. तिथले पुरुष त्या दहा वर्षांत संत झाले असं कोणी म्हणणार नाही. बाटली मिळणं अवघड झालं, पकडलं जाण्याची भीती वाढली, आणि त्यावर कोणाची तरी नजर होती. आपल्याकडे दरवर्षी दोनशेच्या आसपास हल्ल्यांची पोलिसांत नोंद होते. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत एका शाळकरी मुलीवर जे ॲसिड फेकलं गेलं ते तर आरोपीनं ऑनलाइन मागवलं होतं असं पोलिसांनीच सांगितलं. आता खालच्या फळीवरून काढून देणारा पोरगासुद्धा नको, बाटली घरपोच येते.

इथपर्यंत मी जे लिहिलं ते आपल्यापैकी अनेकींना माहीत असेल. आता जे लिहिते आहे त्याबद्दल आपल्या चळवळीत फारसं बोललं जात नाही. ॲसिडनं भाजणाऱ्या सगळ्याच बायका हल्ल्यात भाजत नाहीत. शाळेचे संडास धुणारी, दवाखान्याची फरशी पुसणारी, लॉज आणि मंगल कार्यालयात लग्नानंतरची घाण काढणारी, दोन-चार घरी धुणीभांडी करणारी बाई रोज तीच बिननावाची बाटली हातात घेते. तिच्या हाताची साल निघते, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात, पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडतं. तिच्यासाठी मेणबत्ती नाही. तिच्या प्रकरणाला आरोपी नाही, म्हणून ते प्रकरणच नाही.

एका संस्थेत, नाव घेत नाही, ठेकेदारामार्फत सफाईला असलेल्या एका बाईच्या दोन्ही पायांवर ॲसिड सांडलं होतं. मी भेटले तेव्हा जखमांवर हळद थापलेली होती. हातमोजे दिले होते का, असं विचारल्यावर संस्थेचे साहेब म्हणाले ठेकेदाराला विचारा, आणि ठेकेदार म्हणाला, ‘देतो नं मॅडम, याच घालत नाहीत.’ बाई माझ्या कानाशी म्हणाली, ‘कापडाचे हातमोजे देल्ले होते बाई. त्यातून तं अजूनच भाजते.’ खरं होतं तिचं. कापडी मोजा ॲसिड शोषून घेतो आणि कातडीला चिकटवून ठेवतो. मोज्याशिवाय एक वेळ हात लगेच धुता तरी येतो. पण पावतीवर ‘हातमोजे’ लिहिलेले होते, बिल निघालेलं होतं, आणि सुरक्षिततेचा प्रश्न कागदावर सुटलेला होता.

म्हणून ही वस्तू नक्की काय आहे ते आपण शिकून घेतलं पाहिजे. रसायनशास्त्र हा काही फक्त मुलांचा विषय नाही. संडासासाठी जे विकलं जातं ते बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल. पाण्यात विरघळलेला तो एक वायू आहे. कारखान्यातलं आम्ल तीस टक्क्यांच्या आसपास तीव्र असतं. बूच उघडल्यावर दिसणारा पांढरट धूर म्हणजे तोच वायू बाहेर पडून हवेतल्या ओलीशी मिसळताना दिसतो. तो नाकातोंडात गेला की ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, घसा सोलवटतो. बंद संडासात वाकून काम करणारी बाई तो रोज ओढते. बॅटरीच्या दुकानात असतं ते सल्फ्युरिक आम्ल. बॅटरीत ते पाणी मिसळून भरतात, पण मूळचं अठ्ठ्याण्णव टक्क्यांचं, तेलासारखं दाट, धूर नसलेलं, म्हणून पाहताना निरुपद्रवी वाटणारं असतं. त्याला पाण्याची इतकी तहान असते की कापड, लाकूड, कातडी, कशातूनही ते पाणी ओढून घेतं आणि मागे काळा कोळसा ठेवतं. वर पाण्याशी मिसळताना प्रचंड उष्णता निघते, म्हणजे रसायनानंही भाजतं आणि कढही लागतो. तिसरं सोनारकामातलं नायट्रिक आम्ल. त्याचा कातडीवर पिवळा डाग पडतो.

आणि चौथी वस्तू ॲसिड नाहीच, पण ती थेट आपल्या बचत गटांत आली आहे: कॉस्टिक सोडा. साबण बनवण्याच्या प्रशिक्षणात त्याचे पांढरे खडे बायांच्या हातात दिले जातात आणि ‘जपून हं’ एवढं सांगितलं जातं. ॲसिडनं भाजलं की कातडीचा वरचा थर गोठून कडक होतो, आणि काही अंशी तोच पुढची वाट अडवतो. कॉस्टिक तसं करत नाही. ते कातडीखालच्या चरबीचा अक्षरशः साबण करत आत आत शिरतं, आणि सुरुवातीला दुखतही कमी, म्हणून बाई काम करत राहते. डोळ्यात उडालं तर काही मिनिटांत नजर जाऊ शकते. कॉस्टिक नेहमी गार पाण्यात थोडं थोडं टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधी ओतायचं नाही, आणि ॲल्युमिनियमचं, म्हणजे जर्मनचं भांडं वापरायचं नाही. भांडं खाल्लं जातं आणि पेट घेणारा वायू निघतो. ॲसिडलाही तोच नियम, पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी नाही.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. कोरोनाच्या साथीत, २०२० पासून, गावोगावी ब्लिचिंग पावडर आणि हायपोक्लोराइटचे कॅन आले आणि अनेक ठिकाणी ते संडासाच्या कोपऱ्यात ॲसिडच्या बाटलीशेजारीच राहिले. डाग निघत नाही म्हणून बाई दोन्ही एकदम टाकते. ब्लिचिंग आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्यानं शत्रूवर सोडला तो हाच वायू. युद्धात असा वायू वापरायला आता जगभर बंदी आहे. तीन बाय चारच्या संडासात सफाईवालीवर तो सुटतो तेव्हा कुठल्याच आंतरराष्ट्रीय कराराचा भंग होत नाही.

मग काळजी कशी घ्यायची? कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, रबरी बूट, डोळ्यांना चष्मा, खिडकी-दार उघडं, जवळ भरलेली बादली. बाटली मूळची, वर नाव असलेली. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीच नाही, कारण उन्हातून आलेलं पोर तहानेनं तीच तोंडाला लावतं. ठेवायची ती खाली, कुलूप लावून. डोक्यावरच्या फळीवर ठेवली की सांडली तर तोंडावरच सांडते. हे सगळं मी सांगते खरं, पण सांगताना मला एका गोष्टीची धास्ती वाटते. सुरक्षितता म्हणजे बाईनं जपून वागणं, असा अर्थ त्यातून निघायला नको. हातमोजे देणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. आणि त्याआधीचा प्रश्न असा की ॲसिड लागतंच कशाला? त्यानं फरशीच्या फटींतलं सिमेंट खाल्लं जातं, नळांना गंज चढतो, आणि सेप्टिक टँक किंवा शोषखड्ड्यातले मैला कुजवणारे जिवाणू मरतात. रोज ब्रश, साबणाचं पाणी आणि दहा मिनिटं घासणं पुरतं. पण दहा मिनिटं घासायला मजुरी द्यावी लागते. महिनोन्‌महिने साफ न केलेला संडास एका फेरीत पांढरा करून पाहिजे, तोही एका बाईकडून, तेव्हा ॲसिड आणतात. ॲसिड स्वस्त आहे कारण बाईची कातडी त्यांच्या हिशेबात धरलेली नाही. काही शाळांत मुलींकडून संडास धुवून घेतात आणि तिथंही हीच बाटली असते. ती शिस्त नाही, गुन्हा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीला जी वस्तू विकायलाही बंदी आहे ती तिच्या हातात शाळा कशी देते?

भाजलं तर काय करायचं यावर आम्ही आता प्रत्येक शिबिरात अर्धा तास देतो, कारण पहिल्या वीस मिनिटांत पुढचं सगळं ठरतं. पाणी. फक्त पाणी, भरपूर, वाहतं, किमान वीस मिनिटं, घड्याळ लावून. हापशी असेल तर एकीनं हापसायचं, एकीनं धरायचं. ‘ॲसिडवर पाणी टाकलं तर अजून पेटतं’ ही समजूत घोटभर पाण्यापुरती खरी आहे. धारेखाली धरलं की उष्णता आणि ॲसिड दोन्ही वाहून जातं. कोरडा कॉस्टिक सोडा किंवा चुना असेल तर आधी झटकायचा, मग पाणी. हळद, तूप, टूथपेस्ट, चिखल, खाण्याचा सोडा, काही नाही. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून, मान एका बाजूला वळवून, चांगल्या डोळ्यात ओघळ जाणार नाही असं धुवायचं. पोटात गेलं असेल तर उलटी करवायची नाही, कारण येताना तेच परत अन्ननलिका जाळतं.

आणि कपडे काढायचे, ताबडतोब. इथं बाया मरतात. ॲसिड भिजलेल्या ब्लाउजात, सलवारीत असतं, ते तिथंच अंग खात राहतं आणि बाई चारचौघांत कपडे काढत नाही. जवळची माणसंही ‘आधी अंगावर चादर टाका’ म्हणतात आणि चादर टाकून तिला गाडीत घालतात. मी शिबिरात सांगते, बायांनी पाठ करून गोल उभं राहायचं, पदर, ओढण्या जे असेल ते आडवं धरायचं, आणि आत तिचे कपडे काढून पाणी ओतायचं. अब्रूची व्याख्या तेवढी वीस मिनिटं बाजूला ठेवायची. आमच्या एका शिबिरात म्हाताऱ्या आजी पटकन म्हणाल्या, ‘अवं, बाळंतपनात नाई का करत आपुन?’ तेव्हापासून मी तेच उदाहरण देते.

त्यानंतर दवाखाना. आमगावला ग्रामीण रुग्णालय आहे, गोंदियाला २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मोठ्या भाजण्याला नागपूर, म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर. वाटेत कोणताही खासगी दवाखाना तिला परत पाठवू शकत नाही. ॲसिड हल्ल्यातल्या बाईवर सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयानं मोफत आणि ताबडतोब उपचार केले पाहिजेत, असं नागरिक सुरक्षा संहितेचं ३९७ वं कलम सांगतं. नाकारणं हा भारतीय न्याय संहितेच्या २०० व्या कलमाखाली गुन्हा आहे. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणणाऱ्याला हे दोन आकडे सांगा. हल्ल्याचं कलम १२४, जुन्या दंड संहितेतलं ३२६ अ आणि ब. किमान दहा वर्षं ते जन्मठेप, नुसता फेकण्याचा प्रयत्न केला तरी पाच ते सात वर्षं. या कलमात फेकणं आहे तसं पाजणंही आहे, हे सासरच्या छळाच्या केसेस हाताळणाऱ्या मैत्रिणींनी विशेष लक्षात ठेवावं. ‘तिनंच संडासचं ॲसिड प्यायलं’ या वाक्यावर फाईल बंद होऊ देऊ नका. आणि ॲसिड या शब्दात भाजणारी, खाणारी कुठलीही वस्तू येते, कॉस्टिकही. जखम कायमची राहिलीच पाहिजे असंही नाही. नुकसानभरपाईसाठी मनोधैर्य योजनेचा दावा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ॲसिडपीडितांचा समावेश आहे, त्यामुळे त्या प्रमाणपत्रासाठीही अर्ज करायचा.

यातलं काहीही सफाईवालीला लागू होत नाही, कारण तिच्यावर कोणी ‘हल्ला’ केलेला नाही. तिनं ठेकेदाराकडे भरपाई मागितली तर दुसऱ्या दिवशी दुसरी बाई कामावर असते. म्हणून मी म्हणते की दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर आले पाहिजेत. बाटलीवर नाव, तीव्रता आणि इशारा मराठीत छापा, सुटी विक्री बंद करा, दुकानात नोंदवही ठेवा, शाळा-दवाखान्यांत ॲसिडचा वापरच बंद करा आणि तोवर रबरी हातमोज्याशिवाय काम नको. ही मागणी हल्ल्यातल्या मुलीचीही आहे आणि संडास धुणाऱ्या बाईचीही. दुकानदारही यात आपला शत्रू नाही. ज्यानं ‘कधी आला कायदा?’ असं विचारलं त्याला आम्ही आदेशाची मराठी प्रत नेऊन दिली. त्यानं शंभर पानी वही आणून रेघा मारल्या. जो हसला होता तो अजूनही हसतो.

आपापल्या तालुक्यात हे करून पाहायचं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज उपविभागीय अधिकारी कार्यालयात द्या. विचारायचं एवढंच: १८ जुलै २०१३ च्या आदेशानंतर तालुक्यातल्या किती विक्रेत्यांनी साठा जाहीर केला, किती दुकानांची तपासणी झाली, कोणत्या तारखेला झाली, किती दंड वसूल केला, आणि किती शाळा-कॉलेज-रुग्णालयांनी वापराची नोंद सादर केली. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाहीत, म्हणून अर्ज शक्यतो तिच्या नावानं करा आणि पिवळ्या कार्डाची झेरॉक्स जोडा. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. ‘माहिती निरंक’ असा शिक्का मारलेला कागद आला तर तो फेकू नका. त्याच्या प्रती काढून एक तहसीलदारांना, एक ठाणेदारांना द्या, आणि एक ग्रामसभेत मोठ्यानं वाचून तिथल्या इतिवृत्तात लिहून घ्या.